पहिली निवड

तांबडं

लोकरीच्या नमद्याचे दोन तुकडे घ्यायचे, एक तांबडा, एक काळा. एकावर एक ठेवायचे, वर खडूनं मेंढ्याची शिंगं काढायची आणि धारदार सुरीनं दोन्ही एकदम कापायचे. तांबड्यातून निघालेली शिंगं काळ्याच्या भोकात बसतात, काळ्यातून निघालेली तांबड्याच्या. काही वाया जात नाही. एका कापणीत दोन शिर्डाक होतात, नक्षीच्या जाड सतरंज्या. सख्ख्या बहिणी, पण एकीचं सगळं दुसरीच्या उलट.

आत-बाशीच्या खोऱ्यातल्या त्या गावात हे काम चौघी मिळून करत. झिपार लोकर धुवायची, तिच्यावर उकळतं पाणी ओतायची आणि लाथांनी तुडवून तुडवून नमदा घट्ट करायची. बुरुलचा नक्षी कापायची. उलकान शिवायची. आणि तोक्तोबुबू आपा, जिच्या तोंडात दात नव्हते आणि डोळ्यांत फारसा उजेड उरला नव्हता, ती चातीवर सूत कातायची. त्याच सुतानं उलकान शिवायची.

मोबदला जनावरांत मिळे. ज्याचं काम असेल तो चार जनावरं अंगणात बांधून ठेवी आणि बायका एकेक करून निवडत. पहिली निवड बुरुलचाची. दुसरी उलकानची. तिसरी झिपारची. उरेल ते आपाचं.

हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. पाऊलवाट कोण ठरवतं? पहिली माणसं गेली, मग सगळी त्याच वाटेनं जायला लागली.

या खेपेला काम एस्तेबेस बाइकेचं, म्हणजे एस्तेबेसकाकाचं होतं; त्याच्या अंगणात काय बांधलंय ते उलकाननं सकाळीच कुंपणावरून पाहून घेतलं होतं. वर्षा-वर्षाची दोन कोकरं. एक किडकिडीत शेळी. आणि एक गाभण मेंढी, रुंद पाठीची, एका कानाला काळा ठिपका असलेली.

हिवाळ्याच्या तोंडाशीच बर्फावर पाऊस पडला होता आणि रातोरात सगळं कुरण काचेसारखं गोठलं होतं. मेंढ्या बर्फ खुरांनी उकरतात, काच उकरता येत नाही. उलकानच्या गोठ्यातल्या सगळ्या मेंढ्या गेल्या. मागं राहिली एक गाय.

तेव्हापासून तिच्याजवळ बुरुलचासाठी एक वाक्य होतं; वयानं मोठीला तिथं एजे, म्हणजे ताई, म्हणत. तिनं ते सबंध हिवाळा दाभणाबरोबर नमद्यात आत घातलं होतं आणि बाहेर काढलं होतं:

"एजे, या खेपेला पहिली निवड माझी. नाही तर पुढचा शिर्डाक दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या."

एक दुपार कापायची आणि पहिली निवड. हिवाळाभर मान मोडून शिवायचं, अंगुस्तान घालूनही बोटाचं टोक दगडासारखं करून घ्यायचं, आणि दुसरी निवड. हा कुठला न्याय?

नारिन शहरात एक दुकान होतं, तिथं शिवणाऱ्या बायका हव्याच होत्या. नंबर तिच्या फोनमध्ये होता. आज जेवण झालं की ती वाक्य बोलणार होती. मग चौघींचं काय व्हायचं ते होवो.

काळं

आता तेच, उलट.

बुरुलचा एजे काय उत्तर देईल ते उलकानला पाठ होतं, कारण हिवाळाभर तिच्या वतीनं उत्तरंही उलकाननंच दिली होती.

— हिवाळाभर शिवते मी, एजे. तुम्ही एक दुपार कापता.

— खरंय.

— मग?

— तुझा टाका चुकला तर काय करतेस?

— उसवते.

— माझी सुरी चुकली तर?

एकदा बुरुलचाची सुरी खरंच घसरली होती. दोन्ही नमदे एकदम गेले, झिपारची सगळी तुडवणी पाण्यात गेली. बुरुलचानं कुणाला एक शब्द न बोलता आपलं शिंगरू विकून लोकर भरून दिली होती. तेव्हापासून कापायच्या आदल्या दिवशी ती जेवत नसे.

— तरी पण, एजे. भीती एका दुपारची. मान दुखते ती वर्षभराची.

— असेल.

— असेल काय? सांगा ना, कुणाचं जास्त?

मग उलकानच्या मनात एक गोष्ट यायची, जी खरी बुरुलचा जन्मात बोलली नसती. मेंढ्या गेल्या त्या आठवड्यात कुणीतरी घरासमोर घसरगाडीभर गवत टाकून गेलं होतं. निरोप नाही, नाव नाही. पण त्या गवताच्या पेंढ्या ज्या दोरीनं बांधल्या होत्या ती बुरुलचाच्या घरची होती. त्या गवतावर गाय जगली. पोरांना दूध मिळालं.

"बोलून टाक एकदाचं," तिचा नवरा कुबात म्हणायचा. "कामाचं काम, उपकाराचा उपकार."

"तुला सोपं आहे."

"मग बोलू नको."

"तेही सोपं आहे तुला."

बुरुलचानं ते गवत बोलून दाखवलं असतं तर उलकान तिच्याशी हौसेनं भांडली असती. पण न बोलता दिलेल्या गवताशी कसं भांडायचं? ज्याचे उपकार मानायचे त्याच्याकडूनच हक्क मागायचा म्हणजे एकाच दाभणात दोन रंगांचे दोरे.

एकावर एक

एस्तेबेस बाइकेच्या मुलीचं लग्न पुढल्या महिन्यात होतं. एक शिर्डाक तिच्याबरोबर सासरी जाणार होता, दुसरा माहेरी राहणार होता. आज ते पहिल्यांदा अंथरायचे, म्हणून मेंढा कापला होता.

उलकान दारातच थांबली. दोन्ही शिर्डाक शेजारी शेजारी पसरले होते. हिवाळाभर तिनं ते मांडीवर घेऊन वितावितानं पाहिले होते, दिव्याच्या उजेडात, एका वेळी एक शिंग. अख्खे कधीच नाहीत. आता तांबड्यावरची काळी शिंगं आणि काळ्यावरची तांबडी शिंगं एकमेकांकडे तोंड करून उभी होती आणि सगळी खोली त्यांच्या रंगानं ऊबदार झाली होती. बाई गं, तिच्या मनात आलं, हे आपण केलं.

"दारात उभं राहून काय बघतेस, तूच शिवलंयस ते," बुरुलचा म्हणाली. ती दाराशीच बसली होती, एक पाय लांब करून. "वर जाऊन बस."

"वरची जागा तुमची, एजे."

"जागा माझी आहे, गुडघा माझं ऐकत नाही. एकदा घडी घातली की उलगडायला तुम्ही दोघी लागाल. मी इथंच बरी. जा."

"मग झिपारला बसवा."

"मला?" झिपार तोंडातला तळलेला बोरसोक एका गालात सरकवत म्हणाली. "मला दाराजवळच बरं. भांडण लागलं तर पळायला सोपं."

उलकाननं तिच्याकडं चमकून पाहिलं. हिला कळलं की काय? पण झिपारनं तोवर दुसरा बोरसोक उचलला होता. तिची बडबड नेहमीचीच.

आपा शेगडीला पाठ लावून बसली होती. पंगतीतही तिच्या हातात चाती होती. उलकान वर जाऊन, दारासमोरच्या मानाच्या उंच गादीवर, अवघडून बसली.

मटण सगळे खातात. हाड मात्र ज्याचं त्याला. कुणापुढं कुठलं हाड आलं ते गाव बघतं आणि दुसऱ्या मेंढ्यापर्यंत लक्षात ठेवतं. बायकांच्या पंगतीत पहिला मान उचाचा, म्हणजे शेपटीच्या चरबीसकट मेंढ्याच्या पुठ्ठ्याचा. वयानं तो आपाचा. पण आपाला दात नाहीत, तिला चुलीची ऊब हवी असते, आणि शिर्डाकच्या जेवणात उचा नक्षी कापणारीकडे जातो, ही पण एक पाऊलवाटच. उचा बुरुलचाचा. बुरुलचा वरच्या जागेवर. सगळं ठरलेलं.

एस्तेबेस बाइके बाहेरच्या खोलीत पुरुषांमध्ये बसून हाडं वेगळी करत होता. त्याची सून चोल्पोन थाळ्या आत आणत होती. शरद ऋतूत लग्न होऊन ती दूर तलासकडून आली होती. या गावातली निम्मी तोंडं तिला अजून सारखीच दिसत. तिनं सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं, रश्शाचे वाटगे दिले. मग बाहेरून बाइकेचा आवाज आला,

"उचा वरच्या जागेला!"

चोल्पोन थाळी घेऊन आली, सरळ चालत गेली, आणि उचा उलकानपुढं ठेवला.

आपाची चाती थांबली. झिपारचं चावणं थांबलं. मागोमाग दुसरी थाळी घेऊन बाइकेची बायको बातमा आत आली, तिनं पाहिलं आणि ती जागच्या जागी गोठली.

"चोल्पोन!"

"त्यांनी वरची जागा म्हटलं, आई," चोल्पोन म्हणाली. मग तिनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा शिर्डाकइतका तांबडा झाला.

बातमाचा हात थाळीकडं गेला आणि अर्ध्यावरच राहिला. पुढं ठेवलेलं हाड परत उचलत नाहीत. उचललं तर त्या घरातून मान उठून जातो म्हणतात, आणि लग्न तर पुढल्या महिन्यात.

उलकानला वाटलं, जमीन दुभंगावी. हिवाळाभर जे मागायचं म्हणून घोकलं ते असं चोरल्यासारखं पुढ्यात येऊन पडलं होतं, वाफाळत.

बुरुलचानं आपला वाटगा खाली ठेवला.

"बातमा, हात आवर," ती म्हणाली. "ठेवलं ते ठेवलं. चरबी गार झाली की साबण होतो तिचा. उलकान, सुरी घे."

कापा

उचा एकटीनं खायचा नसतो. जिच्यापुढं येईल तिनं तो कापायचा आणि पंगतीत वाटायचा. दर वेळी बुरुलचा कापायची. आणि दर वेळी उलकान आपल्या तुकड्याकडं बघून मनात म्हणायची, पातळ दिलान्.

आता सुरी तिच्या हातात होती. हात दाभणाचा, सुरीचा नव्हे.

सारखे तुकडे करावे, तिनं ठरवलं. सारख्याला कोण नाव ठेवणार? तिनं मोजून मापून, एकासारखा एक, असे तुकडे कापायला घेतले आणि आधी आपापुढं, मग झिपारपुढं एकेक ठेवला.

आपानं आपला तुकडा तोंडात घातला. इकडून तिकडं फिरवला. मग कुणाचं लक्ष नाहीसं पाहून हळूच तळहातावर काढून घेतला.

"आपा, चावत नाहीये?"

"चावून घ्यायला त्याची हरकत नाही," आपा म्हणाली. "माझ्या हिरड्यांची आहे."

झिपार खो-खो हसली. उलकाननं लाजून शेपटीच्या चरबीचा मऊ, पांढराशुभ्र भाग कापला, बारीक केला आणि आपाच्या वाटग्यात घातला. तो उचातला सगळ्यांत चांगला भाग. मग बाकीच्यांचं काय?

"मला एवढासाच?" झिपारनं थाळीवर हात पुढं केला. "सारखं म्हणजे काय हो एजे? आपांचं पोट चिमणीचं. माझं बघा."

उलकाननं बघितलं, पण पोटाकडं नाही. हाताकडं. मनगटापासून वर उकळत्या पाण्यानं भाजल्याचे डाग, जुन्यावर नवे, नमद्याच्या नक्षीसारखे एकात एक. हे हात ती किती वर्षं बघत होती? की बघतच नव्हती? झिपारच्या नमद्यात कधी गाठ लागली नव्हती, म्हणून तर टाके सरळ जात. आपाचं सूत कधी तुटलं नव्हतं. हिवाळाभर एकदाही नाही. शिवताना सूत तुटलं तर बाई सुताला शिव्या घालते. न तुटलेल्या सुताची आठवण कुणाला होते?

तिनं झिपारला जाडसर तुकडा दिला. आता उरली बुरुलचा.

जिचा उचा तिलाच त्यातलं किती द्यायचं? जास्त दिलं तर लांगूलचालन. कमी दिलं तर सूड. सारखं दिलं तर मोजून सूड. सुरी हवेत राहिली.

"काप ना," बुरुलचा दारातून म्हणाली.

"कापते."

"काप, काप. खडूची रेघ सगळ्यांनाच दिसते. सुरी कुठं थरथरते ते फक्त कापणारीला."

उलकाननं डोळे मिटल्यासारखे करून कापलं. मग दाराशी किटली घेऊन, ओठ दातांत धरून उभ्या असलेल्या चोल्पोनला हाक मारली, "ये गं, तुझाही आहे," आणि तिच्यासाठी कापलं. बातमासाठी कापलं. मग खाली बघितलं तर थाळीत नुसतं हाड.

"वा," झिपार म्हणाली. "मान डोंगराएवढा, थाळी मैदानासारखी."

बुरुलचानं आपला तुकडा मधोमध कापला. अर्धा सुरीच्या टोकावर घेऊन पंगतीवरून वर पाठवला; हातोहात तो उलकानपुढं आला.

"खा," ती म्हणाली. "वाटणारीला कुणी वाटत नाही. मला माहीत आहे ते."

उलकाननं खाल्लं. चरबी आणि मीठ. इतकी वर्षं बुरुलचाच्या थाळीत काय उरत होतं ते तिनं कधी वाकून बघितलंच नव्हतं.

शिवण

जेवण झालं, आपानं ओंजळ उघडून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. ओमिन. मग अंगणात.

एस्तेबेस बाइके जनावरांपाशी उभा होता. "चल बुरुलचा, तुझी निवड."

बुरुलचा झिपारच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आली. "आज माझी नाही. जिच्यापुढं उचा आला तिनं आधी निवडायचं. हाड एकीकडं आणि जनावर दुसरीकडं, असं कुठं असतं?"

हिवाळाभराचं वाक्य उलकानच्या तोंडात तसंच होतं, आणि ते जिला ऐकवायचं तीच दार उघडून बाजूला उभी होती. तरी ती बोलली. न बोलता घेतलं असतं तर ती चोरीच झाली असती.

"एजे, मी आज हेच मागणार होते. पहिली निवड. नाही तर काम सोडणार होते."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"टाक्यांनी. काळ्या शिर्डाकचा काठ बघ. सूत इतकं ओढलंयस की नमद्याला सुरकुती आलीय. कुणाचा तरी गळा आवळत होतीस. म्हटलं, माझाच असणार."

झिपारनं हसू दाबायला तोंड फिरवलं.

"आणि ते गवत, एजे. त्याचं मी कधी…"

"गवत गवताच्या जागी. ते गाईनं खाल्लं, तू नाहीस. काय बोलायचंय ते गाय बोलेल." मग बुरुलचाचा आवाज जरा कोरडा झाला. "पण हे सगळं मला आवडलंय असं समजू नको. ती मेंढी मीही सकाळी कुंपणावरून बघून गेलेय."

उलकान मेंढीजवळ गेली. पाठीवर हात ठेवला. लोकर दाट, आत ऊब. तिनं दावं सोडलं.

"घ्या एजे, घ्या," झिपार म्हणाली. "वर बघून बघून मान अवघडली असेल तुमची."

"म्हणजे गं काय?"

"काही नाही. तुम्ही बुरुलचा एजेकडं बघत होतात. मी तुमच्याकडं बघत होते. तुमची दुसरी निवड, माझी तिसरी. कधी बोलले?"

"का नाही बोललीस?"

"तुम्ही माझ्यासाठी बोलाल म्हणून वाट बघत होते. लांबली जरा." ती हसत होती, पण सगळंच हसू नव्हतं ते.

"आणि आपा कुणाकडं बघत होत्या?" बाइकेनं चेष्टेनं विचारलं.

"चातीकडं," आपा म्हणाली.

उलकानची नजर शेळीवर गेली. कुणी निवडली नाही की आपाची होणारी शेळी. मागल्या खेपेला आपाच्या वाट्याला काय आलं होतं? लंगडं कोकरू? की ते त्याआधी? तिला आठवेना. बुरुलचानं निवडलेलं एकूण एक जनावर तिला आठवत होतं, रंगासकट, शिंगांच्या वळणासकट. आपाचं एकही नाही.

"पाळी लावू या," ती म्हणाली. "गावच्या मेंढ्या राखायची पाळी कशी घरोघर फिरते? तशी निवडीची. दर खेपेला एक जण पहिली."

"चालेल," झिपार पटकन म्हणाली.

बुरुलचानं बोटांवर मोजलं. "बरं. आज तू. पुढच्या खेपेला झिपार. मग आपा."

"म्हणजे अजून दोन खेपा होईपर्यंत मला मरता यायचं नाही," आपा म्हणाली. "काय हा जाच!"

सगळ्या हसल्या. उलकानही हसली, दावं हातात घट्ट धरून. मग तिचं हसू आपोआप ओसरलं. तिनं मेंढीच्या कानावरच्या काळ्या ठिपक्याकडं एकदा नीट पाहून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "पाळी खालून सुरू करू."

आणि तिनं दावं आपाच्या हातात दिलं. द्यायचं ठरवलं तरी बोटं लगेच सुटली नाहीत. एकेक करून सोडवावी लागली.

आपानं चाती काखेत मारली आणि वाकून मेंढीच्या पोटावरून बोटं फिरवली. चांगला वेळ घेतला. "जुळी आहेत."

"आपा, तुम्ही दर मेंढीला जुळीच म्हणता."

"मग? कधीतरी खरं होईलच की." तिनं मान वर केली. तिच्या अंधुक डोळ्यांना पाणी आलं होतं, पण वारा होता, तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. "आता हिला ठेवू कुठं? माझ्या गोठ्यात सरपण भरलंय. उलकान, तुझा गोठा रिकामाच ना?"

"गाय सोडली तर रिकामाच, आपा."

"मग अर्धलीनं सांभाळ. पहिलं कोकरू माझं, दुसरं तुझं. लोकर तुझी. हयगय केलीस तर काढून घेईन, सांगून ठेवते."

एस्तेबेस बाइके पोट धरून हसला. "आपा, अर्धलीनं तर मोठे कळपवाले देतात!"

"मग माझा कळप सुरू झाला म्हण आजपासून."

खालून सुरू केलं म्हणजे पुढची निवड झिपारची. तिनं मोठं कोकरू घेतलं आणि त्याच्या तोंडाचा मुका घेतला. मग उलकाननं दुसरं घेतलं. उरली शेळी. आणि बुरुलचा.

बुरुलचा शेळीकडं बघत राहिली. शेळीनंही तिच्याकडं बघितलं आणि तिची ओढणी चावायला सुरुवात केली.

"एजे," उलकान पुढं झाली, "तुम्ही माझं कोकरू…"

"गप. पाळी म्हणजे पाळी. मध्येच दया आणलीस तर नक्षी बिघडेल." बुरुलचानं ओढणी सोडवली, दावं मनगटाला गुंडाळलं. दोन पावलं गेली आणि थांबली. "पण एक सांगून ठेवते. पुढचा शिर्डाक निम्मा तू कापायचास. भीतीचीही पाळी लागू दे."

"मी? माझा हात…"

"बघितला आज तुझा हात. थरथरतो. थरथरतो तेच बरं, माझाही थरथरतो."

काठ

कुबात फाटकापाशी उभा होता. बायकोच्या एका हातात दोन दावी, दुसऱ्या हातात पंगतीतून घरच्यांसाठी बांधून दिलेल्या मटणाची पिशवी.

"बोललीस?"

"बोलले."

"पहिली निवड?"

"मिळाली."

त्यानं मेंढीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! मेंढी आपली."

"मेंढी आपाची. कोकरू आपलं."

कुबातनं मेंढीकडं बघितलं, कोकराकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "मग मेंढी आपल्याकडं कशी?"

"आत ये, सांगते. मटण गार होतंय." मग दारातच थांबून तिला हसू आलं. "इतकं घोकून गेले रे. आणि तिथं सगळ्या माझ्याआधीच भांडून बसल्या होत्या. नुसत्या मनातल्या मनात."

तिनं मेंढी गोठ्यात नेली, मागोमाग कोकरू. इतक्या महिन्यांत तिथं गाईच्या श्वासाशिवाय दुसरा श्वास नव्हता. कोपऱ्यात गवताची शेवटची पेंढी उरली होती, बुरुलचाच्या घरच्या दोरीनं बांधलेली. उलकाननं ती सोडली, दोरीची नीट घडी घालून खिशात ठेवली, उद्या परत द्यायला, आणि गवत गाईच्या आणि मेंढीच्या मध्ये पसरलं.

मेंढीनं आधी वास घेतला. गाईनं मान लांब केली, मेंढीच्या कानावरचा काळा ठिपका हुंगला आणि लांबलचक, घोगरं हंबरली.

"बोल, बोल," उलकान म्हणाली. "एजेंनी सांगितलंय, तूच बोलायचं म्हणून."